आमची वाटचाल : गिरगाव ते लेह

मुंबई-पुण्याच्या टूर कंपन्या लोकांना लडाखला नेतात आणि तिथं त्यांना वरणभात, पोळी-भाजी आम्ही खायला घालतो. मे ते सप्टेंबर लेहला किचन, बाकीचे महिने गिरगावात डबे, मुंजी, बारशी. 2008 पासून हे चालू आहे. दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, 'डोंगरातल्या गावात राहायला-खायला असा किती खर्च येणार?' म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सुरुवात मामांपासून करते. ते माझे सख्खे मामा नव्हेत. राजापूरकडचे. पोरवयात लोअर परळच्या एका गिरणीच्या कॅन्टीनमध्ये लागले आणि 1982 च्या संपानंतर बाहेर फेकले गेले. मग लग्नाच्या हॉलांत आचारी म्हणून फिरले. माझ्या डब्यांच्या धंद्यात आले तेव्हा आम्ही कागद केला नाही. दहा आणे माझे, सहा आणे त्यांचे, एवढंच ठरलं, आणि आजही तेच चालू आहे. एका टूर कंपनीनं 'लडाखला मराठी जेवण द्याल का' असं विचारलं, तेव्हा मी घाबरले. मामा म्हणाले, 'वहिनी, चूल आणि पाणी असलं की जेवण होतं.'

लेहला पहिल्याच दिवशी भात कच्चा राहिला. टोपात पाणी खळखळा उकळतंय, वाफ येतेय, आणि शीत दाताखाली करकरतंय. मामांनी आधी तांदळावर संशय घेतला. खरं कारण उंचीचं होतं. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे, तिथं हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. कितीही आच लावा, त्या पाण्याला त्याहून ताप चढत नाही. दुसऱ्या दिवशी मामांनी बाजारातून वीस लिटरचा कुकर आणला. मुंबईत तीन शिट्ट्यांत शिजणारी तूरडाळ तिथं सहा-सात घेते. राजमा रात्रभर भिजवूनही हट्ट सोडत नाही. तो कुकर अजून आमच्याकडे आहे. दोनदा व्हॉल्व्ह आणि कितीदा तरी रबर बदललं, भांडं तेच.

शेगड्यांचंही तसंच. हवा विरळ, म्हणून ज्योत पिवळी पडते आणि टोपाच्या बुडाला काजळी धरते. मामा बर्नरच्या नळीवरची हवेची चकती पुढेमागे सरकवून ज्योत निळी करतात, जेट पिनेनं साफ करतात. रात्री थंडीत सिलिंडर बसतो. आत गॅस असतो, पण दाब येत नाही. मग सिलिंडर कोमट पाण्याच्या टबात उभा करायचा. कोमटच, उकळतं पाणी नाही, आणि जाळाजवळ तर कधीच नाही. हे मी कळकळीनं लिहिते आहे, कारण एका तळावर एक पोरगा सिलिंडरखाली कागद पेटवताना मी डोळ्यांनी पाहिलाय.

आता राहण्याचं. स्कारा भागात एका आजींचं घर आम्ही सीझनभर घ्यायचो. सगळे त्यांना अमा-ले म्हणायचे, आम्हीही. त्यांच्या भाषेत अमा म्हणजे आई आणि 'ले' म्हणजे आपला 'जी'. पहिल्या वर्षी पूर्ण सीझनचं भाडं 35 हजार होतं. अमा-ले पहाटे उठून शेताला पाणी सोडायच्या. वर वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटांतून गावभर फिरतं, आणि कुणाची पाळी कधी हे ठरलेलं असतं. घरात कोरडा संडास होता, पाणी लागायचंच नाही. पाहुण्यांसाठी फ्लश आले तेव्हापासून टँकर आले. लेहला वर्षभरात सरासरी दहा सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत तेवढा कधी कधी एका दुपारी पडतो. त्या गावात आमचे लोक हॉटेलात उतरल्यावर दोन-दोन बादल्या गरम पाणी मागतात आणि त्याची किंमत शेवटी भाड्यात, थाळीत, सगळीकडे चढते.

भाजीचं गणित वेगळं. जुलै-ऑगस्टमध्ये मेन बाजारच्या फुटपाथवर गावांतल्या बायका पाले, गाजर, सलगम, मुळा घेऊन बसतात. ताजी, गोड, आणि भावात घासाघीस करावीशी वाटत नाही. टोमॅटो, कांदा मात्र बहुतेक खालून ट्रकनं येतात. श्रीनगरहून झोजिला खिंड ओलांडून सव्वाचारशे किलोमीटर, नाहीतर मनालीकडून बारालाचा खिंड ओलांडून. दरड आली की दुसऱ्या दिवशी टोमॅटो गायब. हिवाळ्यात दोन्ही रस्ते बंद पडायचे, म्हणून अमा-ले बटाटे आणि मुळे अंगणातल्या खड्ड्यात पुरून ठेवायच्या, पाले वाळवायच्या. विजेचं म्हणाल तर आमच्या पहिल्या काही सीझनांत संध्याकाळी थोडे तास वीज आणि बाकी जनरेटरचं डिझेल. 2019 मध्ये श्रीनगर-लेह वाहिनी सुरू झाली आणि मिक्सर सकाळी चालवता आला. खोबऱ्याचं वाटण पाट्यावर करायचं थांबलं ते तेव्हा.

लडाख परदेशी आणि बाहेरच्या प्रवाशांसाठी 1974 मध्ये उघडलं. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या लडाखची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती. 2022 मध्ये पर्यटकच पाच लाखांवर आले. घरावर मजला चढवला की गेस्ट हाउस. जव पिकायची तिथं पार्किंग. मुलं शिकायला चंदीगड, जम्मूला, त्यांची फी इथल्या खोल्यांच्या भाड्यातून. नेपाळी मजूर, झारखंडहून रस्त्याच्या कामाला आलेले लोक, आमचे आचारी, सगळे त्याच चार खोल्यांसाठी रांगेत. दोन आचाऱ्यांच्या एका खोलीला मी आज जे भाडं देते, तेवढ्यात डोंबिवलीत संसार होतो.

2010 च्या 5 ऑगस्टच्या रात्री लेहला ढगफुटी झाली. जवळच्या चोगलमसर गावातली घरं वाहून गेली, दोनशेहून अधिक माणसं गेली, फोन बंद. आमचं घर वाचलं. मामांनी आठवडाभर भात-आमटीचे टोप शेजारच्या शाळेत नेले, त्याचं बिल कुणाला लावलं नाही. त्या वर्षी तोटा झाला, पण तो तोटा मला कधी टोचला नाही.

टोचतं ते 2016.

ठाण्याचा एक केटरर 2014 आणि 2015 असे दोन सीझन आमच्याबरोबर होता. हुशार, बोलका, हिशेबाला पक्का. माझी वही त्याच्यासमोर उघडी असायची. कोणत्या कंपनीला काय दर, गॅस किती जातो, कोणत्या आचाऱ्याला काय पगार, सगळं. आमचा दर माणशी दिवसाला 640 होता. 2016 च्या फेब्रुवारीत तो माझ्या दोन मोठ्या कंपन्यांना परस्पर भेटला आणि 540 सांगून आला. त्यांनी मला फोनसुद्धा केला नाही. मीच केला, तेव्हा 'मॅडम, मार्केट आहे' असं उत्तर मिळालं. त्यातल्या एका कंपनीकडे माझे मागच्या सीझनचे 4,60,000 येणे होते.

मार्चमध्ये अमा-लेंच्या मुलाचा फोन. आम्ही 90 हजार देत होतो, त्याला 1,80,000 ची बोली आली होती. बोली कुणाची ते सांगायला नको. मुलगा फोनवर अडखळत होता. त्याच्या दोन मुली चंदीगडला शिकत होत्या. त्याच्यावर मी तेव्हाही रागावले नाही, आजही नाही. अमा-लेंनी मागून फोन घेतला आणि नुसतं 'बेटी, बेटी' म्हणत राहिल्या. राग आहे तो ज्यानं माझ्या वहीतून घराचा पत्ता उचलला त्याचा.

540 मध्ये ते होणारच नव्हतं. मी तेव्हाच वहीत आकडे मांडून मामांना दाखवले होते. त्यानं वाशीच्या मार्केटचा भाव घेतला आणि त्यावर ट्रकभाडं धरलं. पण गॅस दीडपट जातो. माणूस विमानानं लेहला उतरला की विरळ हवेची सवय व्हावी म्हणून पहिले दोन दिवस त्याला कामाला जुंपायचं नाही, त्या दोन दिवसांचा पगार, खोली, जेवण कुणाच्या खात्यात? पाण्याचे टँकर? ट्रक झोजिलाला अडकला तर नासलेला माल? यातलं काहीही गिरगावात किंवा ठाण्यात बसून दिसत नाही.

त्या जुलैत काश्मीर खोऱ्यात संचारबंदी लागली, श्रीनगरकडची वाहतूक अडली. त्याचा सगळा माल त्याच बाजूनं येणार होता. टूर रद्द व्हायला लागल्या, आणि ज्या आल्या त्यांच्या ताटात अर्धकच्चा राजमा पडला. महिनाअखेरीस तो 'पैशाची सोय करतो' म्हणून खाली गेला, तो परत आलाच नाही. त्याचे तीन आचारी पगाराविना लेहमध्ये. ते आमच्याच दारात आले. त्यातले दोघं आधी माझ्याकडून फोडून नेलेले. मामांनी काही विचारलं नाही, पानं वाढली.

आमची स्थिती तरी काय होती? हातात दोन लहान ग्रुप, नवं घर गावाबाहेर चढावर, आणि माझ्या पाटल्या गिरगावच्या सोनाराकडे. त्या वर्षी आमचा धंदा बुडाला असता. बुडाला नाही, त्याचं श्रेय पार्ल्याच्या बाईंना. एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. 2009 मध्ये त्या पहिल्यांदा आमच्या पंगतीला बसल्या आणि पिठलं-भाकरी पाहून म्हणाल्या, 'अगं, इथं भाकरी थापलीस? पीठ चिरत नाही?' चिरतं. हवा इतकी कोरडी की परातीवर ओलं फडकं टाकूनच थापावी लागते. बाईंनी ते शिकून घेतलं आणि मला आमसुलाच्या साराचं त्यांचं प्रमाण दिलं. 2016 ला त्यांना कुणाकडून तरी कळलं. त्यांनी आपल्या भजनी मंडळातल्या 22 जणी गोळा केल्या, डॉक्टरांचे दाखले घेतले, गाड्या-हॉटेल दुसऱ्याकडून ठरवलं, आणि जेवण आमचं. ऑगस्टअखेर, आगाऊ पैसे चेकनं. त्या पैशांतून मी मालकाचं भाडं आणि आचाऱ्यांचे पगार दिले, ठाणेकरानं सोडलेल्या तिघांचं परतीचं तिकीटसुद्धा. बाई आता नाहीत. सार अजून त्यांच्याच प्रमाणानं होतं.

ज्या कंपनीनं मला सोडलं होतं तिनं ऑगस्टमध्ये 'उरलेला सीझन सांभाळा' म्हणून निरोप पाठवला. आधी जुने पैसे द्या म्हटलं. पुन्हा फोन आला नाही.

पुढची तीन वर्षं बरी गेली. कोविडची दोन डब्यांवर काढली.

नव्यानं या कामात येऊ पाहणाऱ्यांनो, विचारलं नसलंत तरी सांगते. दर ठरवायच्या आधी एक मे महिना लेहमध्ये स्वतः भाड्यानं राहा, स्वतःचा सिलिंडर स्वतः आणा. माल एकाच घाटाच्या भरवशावर ठेवू नका, अर्धा मनालीकडून, अर्धा श्रीनगरकडून. आमसूल भरपूर न्या. 2023 च्या जुलैत मनालीचा रस्ता पुरानं वाहून गेला आणि टोमॅटो मुंबईतच परवडेना, तेव्हा आमच्या आमटीला आंबटपणा आमसुलाचाच होता, एकाही ताटातून तक्रार आली नाही. पाहुण्यांना पहिल्या दिवशी बटाटेवडे घालू नका. मऊ भात, लसणाची फोडणी दिलेलं वरण, भरपूर पाणी, आणि झोपू द्या. आणि आपली वही कुणासमोर उघडी ठेवू नका.

मामा आता लेहला येत नाहीत, गुडघे आणि छाती दोन्ही चढ सोसत नाहीत. खेतवाडीतल्या किचनमध्ये खुर्ची टाकून बसतात आणि लेहमधल्या आचाऱ्याला फोनवर शेगडीचा आवाज ऐकवायला लावतात. आवाजावरून चकती किती सरकवायची ते सांगतात. मागच्या सीझनला अमा-लेंचा मुलगा किचनवर आला होता, वाळवलेल्या जर्दाळूंची पिशवी ठेवून गेला. त्याच्या मुली पदवीधर झाल्या. घराच्या जागी आता तीन मजली हॉटेल आहे. अमा-ले तळमजल्यावर मागच्या खोलीत राहतात, आणि आम्ही दर रविवारी त्यांना पुरणपोळी नेऊन देतो.

एप्रिलमध्ये ट्रक भरायच्या आधी मी नवी वही घालते. पहिल्या पानावर श्री, त्याखाली कंपनीचं नाव, त्याखाली येणे 4,60,000. दहावी वही झाली, तरी दर वर्षी ती ओळ मी स्वतःच्या हातानं उतरवते, मुनीमजींना लिहू देत नाही.