चमचाभर मधाचा हिशेब

मंगळवार, रात्री साडेनऊ

आज दुपारी वहिनी महाबळेश्वरहून परतल्या त्या जांभळाच्या मधाची बाटली आणि कागदाच्या पुडीत बांधलेले कसले तरी भस्म घेऊनच. "भावजी, जांभळाचा मध मधुमेहाला चालतो. त्यातून हे भस्म रोज सकाळी चाटा, किडनीला आराम पडेल," असे त्यांनी इतक्या मायेने सांगितले की, त्यांच्यासमोर मला नाही म्हणवले नाही. रक्ततपासणीत क्रिएटिनिन २.१ आणि ईजीएफआर ३५, म्हणजे मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची ताकद बरीच उतरलेली, शिवाय चौदा वर्षांचा मधुमेह, एवढे सगळे सोबत असताना मायेने दिलेली वस्तूही मोजूनच तोंडात घालावी लागते.

मूत्रपिंडाच्या दृष्टीने मध तसा निरुपद्रवी आहे, हे आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला पूर्वीच समजावले होते. अधू मूत्रपिंडाला बाहेर टाकायला जड जाणारे पोटॅशियम शंभर ग्रॅम मधात जेमतेम पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास असते, फॉस्फरस आणि सोडियम तर नावापुरतेच. गुळाचे तसे नाही. त्यात पोटॅशियम बरेच असल्यामुळे तो माझ्या चहातून दोन वर्षांपूर्वीच गेला.

अडचण आहे ती साखरेची. संध्याकाळी मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटी ठेवून चहाचा एक सपाट चमचा साखर तोलली, ती चार ग्रॅम भरली. तोच चमचा मधाने भरून, बोटाने निपटून वाटीत सोडला, तर सात ग्रॅम. मधात पाचवा हिस्सा पाणी धरला तरी त्या चमच्यातून साडेपाच ग्रॅमहून अधिक साखर पोटात जाते, म्हणजे साखरेऐवजी चमच्यास चमचा मध घेणारा माणूस साखर कमी नव्हे, जास्त खातो. इतकी वर्षे मी हाच बदल पथ्य म्हणून करत होतो, याचे मला फार वाईट वाटले. जांभळाच्या फुलोऱ्यावरच्या मधाला चव आणि रंग निराळा असतो खरा, पण जांभळाच्या बियांचे म्हणून जे गुण सांगितले जातात ते फुलातल्या मकरंदातून मधात उतरत नाहीत, आणि रक्तातली साखर तोही वाढवतोच.

भस्माची पुडी मात्र मी उघडलीसुद्धा नाही. मधातून चाटण घेण्याची आपल्या घरांतली रीत जुनी आहे आणि मधाच्या गोडीत कडू औषध सहज उतरते, परंतु भस्मे धातूंची आणि खनिजांची असतात, आणि पुडीवर ना नाव ना घटक. शिसे किंवा पारा अधू मूत्रपिंडाला किती महाग पडू शकतो, याची कल्पना असताना ही जोखीम मी घेणार नाही. वहिनींना उद्या फोनवर हे नीट सांगेन.

डायलिसिसवर असलेल्या माझ्या मित्राचा प्रश्न वेगळा आहे. तो पहाटे लिंबू-मध घातलेले पेलाभर कोमट पाणी पीत असे आणि ते दिवसभरासाठी ठरवून दिलेल्या मोजक्या पाण्यात धरत नसे. त्यामुळे एका डायलिसिसपासून दुसऱ्यापर्यंत अंगात पाणी साचून त्याचे वजन वाढत होते. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांनी पोळ्यातला कच्चा मध डॉक्टरांना विचारल्याखेरीज खाऊ नये, कारण त्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते.

तरीही ही बाटली वाया जाणार नाही. गेल्या महिन्यात रात्री दोन वाजता मला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले आणि रक्तातली साखर फार उतरून ५८ भरली. मूत्रपिंड अधू झाले की इन्सुलिन शरीरात अधिक वेळ रेंगाळते, म्हणून असे होते. घाबरलेल्या पत्नीने संत्र्याचा रस पाजला, ज्यात पोटॅशियम भरपूर. नंतर आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले की, मी पूर्ण शुद्धीवर असेन तर अशा वेळी तीन छोटे चमचे मध द्यावा आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. आताच पत्नीने त्या बाटलीतला थोडा मध एका छोट्या बरणीत काढून, झाकणाला रबराने चमचा अडकवून, ती माझ्या उशाशी ग्लुकोमीटरजवळ ठेवली आहे.