राखाडी झालेले नाव आणि साठ दिवस

मागच्या मंगळवारी सकाळी, माझ्या कोडमधल्या एका बदलाला मंजुरी मिळाली असेल म्हणून मी लॅपटॉप उघडला, तर ती देणाऱ्या सहकाऱ्याचे नाव कंपनीच्या चॅटमध्ये राखाडी झालेले होते. आदल्या संध्याकाळी त्याने त्या बदलावर एकच अभिप्राय लिहिला होता: विनंती फसल्यावर पुन्हा पाठवण्याआधी थांबायचा वेळ सगळ्यांना सारखा ठेवू नकोस, त्यात थोडा कमी-जास्तपणा असू दे, नाहीतर बंद पडलेला सर्व्हर उठताक्षणी सगळ्या विनंत्या एकदमच त्याच्यावर येऊन आदळतील. सूचना अगदी योग्य होती. दुपारी मॅनेजरने पंधरा मिनिटांची बैठक बोलावून कपातीची बातमी सांगितली आणि त्याची कामे आमच्यात वाटून दिली.

बातमी ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार त्याचा आला नाही, हे लिहिताना मला वाईट वाटते, पण ते खरे आहे. तो अमेरिकेचा नागरिक आहे, आणि मी इथे एच-१बीवर, म्हणजे कंपनीने अर्ज केल्यावर परदेशी कुशल कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या व्हिसावर आहे. मी माझे दिवस मोजू लागलो होतो. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी सुटली, की त्याला जास्तीत जास्त साठ दिवस अमेरिकेत राहता येते. जानेवारी २०१७ मध्ये हा नियम आला, त्याआधी एवढी मुदतही नव्हती. शनिवार, रविवार आणि सुट्ट्या त्यातच धरलेल्या असतात. तेवढ्या काळात नव्या कंपनीने नुसता होकार देऊन भागत नाही, तिचा अर्ज सरकारकडे दाखल व्हावा लागतो, आणि त्या अर्जाला लागणारे श्रम खात्याचे प्रमाणपत्र यायलाच कामाचे सात दिवस जातात. मुलाखतींच्या पाच-सहा फेऱ्या आणि दोन फेऱ्यांमधली प्रतीक्षा त्यातून वजा केली, की हातात फारसे काही उरत नाही. माझ्या पत्नीचा काम करण्याचा परवानाही माझ्याच व्हिसावर अवलंबून असल्यामुळे आमच्या घरातली एक नोकरी गेली तर दोन जातील.

नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,०००, आणि जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने १०,००० व गूगलने १२,००० माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा भारतातून तुम्ही सगळ्यांनी काळजीने फोन केले होते. आता तसे फोन येत नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे. पण कामाच्या जागी ती भीती वस्तीला आली ती अजून गेलेली नाही.

मोठ्या कंपनीतल्या नोकरीचे तोटे विचारताना बहुतेक जण कामाच्या तासांविषयी आणि रात्रीच्या फोनविषयी विचारतात. ऑन-कॉलचा आठवडा, म्हणजे यंत्रणा बिघडली तर रात्रीही उठून ती सावरण्याची पाळी, थकवतो, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याने यंत्रणा लिहिली त्याने ती पडल्यावर उठावे, हे मला मान्य आहे. उलट या कामाची जी एक रीत मी इथे शिकलो, तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पहिल्याच वर्षी माझ्या एका चुकीच्या सेटिंगमुळे सेवा चाळीस मिनिटे बंद पडली होती. दुसऱ्या दिवशी बैठकीला जाताना मी बोलणी खाण्याच्या तयारीने गेलो होतो, आणि तिथे सव्वा तास फक्त एवढीच चर्चा झाली, की असे सेटिंग कोणत्याही तपासणीत न अडकता पुढे गेलेच कसे. अहवालात माझे नाव नव्हते. दोन आठवड्यांत ती तपासणी लिहिली गेली, आणि ती मीच लिहिली.

म्हणूनच त्याच कंपनीतली मूल्यमापनाची पद्धत मला अधिक खुपते. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाने आपल्या कामाचा 'इम्पॅक्ट' काय, ते लिहून द्यायचे असते. मग वेगवेगळ्या गटांचे मॅनेजर एकत्र बसून माणसांची तुलना करतात, आणि त्या खोलीतल्या बहुतेकांनी तुमच्या कोडची एक ओळही वाचलेली नसते. तुमचा मॅनेजर तुमच्या वतीने जी काही मिनिटे बोलेल तीच तुमची सहा महिन्यांची ओळख. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये कर्मचाऱ्यांची सक्तीची उतरंड लावणे, म्हणजे गटातल्या काहींना खालचा दर्जा द्यायलाच लावणे, बंद केले तेव्हा त्याचे पुष्कळ स्वागत झाले होते, पण वाढीसाठी ठेवलेली रक्कम मर्यादित असते तोवर तुलना या ना त्या वाटेने होतेच.

या तुलनेत नवे उभारलेले चटकन दिसते, जुने नीट चालू ठेवलेले दिसत नाही. गेल्या वर्षी मी तीन महिने आमच्या यंत्रणेतले खोटे इशारे कमी करण्यात घालवले. आठवड्याला चाळीसच्या आसपास येणारे इशारे पाच-सहावर आले, आणि आमच्या गटातली माणसे ऑन-कॉलच्या आठवड्यातही रात्री झोपू लागली. मूल्यमापनात त्याची एक ओळ झाली, आणि तिच्यापुढे प्रश्न आला, की याचा ग्राहकांना मोजता येईल असा फायदा काय. त्याच काळात दुसऱ्या एकाने, जुनी सेवा जे करत होती त्यातलेच बरेचसे करणारी नवी सेवा उभी केली, त्याला बढती मिळाली, तो दुसऱ्या गटात गेला, आणि आता आम्ही दोन्ही सेवा सांभाळतो. त्या माणसाला मी दोष देत नाही. जे मोजले जाते ते त्याने केले. पण काय मोजावे हे ठरवणाऱ्यांना, हेच का मोजता, असा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि मीही विचारलेला नाही.

मी का विचारत नाही, याचे उत्तर पुन्हा त्या साठ दिवसांपाशी येते. शेजारी बसणाऱ्या माणसाला कमी गुण मिळाले तर त्याचे एक वर्ष वाईट जाते. मला मिळाले तर कामात सुधारणा दाखवण्याची मुदत, मग नोकरी, मग घर आणि मुलीची शाळा, अशी सगळी साखळी डोळ्यांसमोर उभी राहते. म्हणून एखादी नवी सेवा अनावश्यक आहे असे स्पष्ट दिसत असतानाही डिझाइनच्या बैठकीत मी मवाळ शब्दांत शंका काढतो आणि गप्प बसतो. मला आवडेल अशा गटात जागा निघाली तरी कामाचे स्वरूप फार बदलले तर ग्रीन कार्डची, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याची, प्रक्रिया पुन्हा सुरू करावी लागेल, या धास्तीने मी अर्ज करत नाही. नोकरीच्या आधारे वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात आणि कोणत्याही एका देशाला त्यांतली साधारण सात टक्केच मिळू शकतात. त्यामुळे भारतीयांची रांग फार लांब आहे, आणि माझा त्या रांगेतला क्रमांक २०१७ चा आहे. तो नोकरी बदलली तरी टिकतो, पण नव्या कंपनीला कागदपत्रे मुळापासून करावी लागतात, आणि तिने गेल्या सहा महिन्यांत त्याच प्रकारच्या कामावरची माणसे कमी केली असतील तर आधी त्यांचा विचार करावा लागतो. कपातीच्या काळात अशा फायली अडकून पडतात.

हे वाचून 'मग परत का येत नाही' असे तुम्ही विचाराल, आणि या प्रश्नाने मी थोडा दुखावतो हेही सांगून टाकतो. पगार मोठा आहे, हे मी नाकारत नाही. त्यातला मोठा भाग शेअरच्या रूपात चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतो, आणि पुढचा हप्ता नेहमी जवळच आलेला असतो. पण भारतातल्या माझ्या पहिल्या कंपनीत माझ्या कामाचे मूल्यमापन एका माणसाच्या मर्जीवर होत असे, त्याचा कागदही मला कधी दिसला नाही. ती बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे आणि आज तिथे चित्र वेगळे असेल, त्यामुळे ही तुलना पूर्ण न्याय्य नाही. तरीही ती माझ्या मनात आहे. शिवाय अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, तेव्हापासून 'दोन वर्षे जाऊन पाहू, नाही जमले तर परत येऊ' असे म्हणायची सोयही उरलेली नाही. आणि ज्यांच्या नजरेखालून माझा कोड जातो अशी माणसे मला दुसरीकडे इतक्या संख्येने भेटली नाहीत. राखाडी झालेले ते नाव त्यांतलेच एक होते.

बुधवारी मी त्याने सांगितलेला बदल केला. दोन विनंत्यांमधला वेळ आता दर वेळी थोडा वेगळा असतो. मंजुरी दुसऱ्या कोणीतरी, फारसे न वाचता दिली. बदलाच्या नोंदीत ही सूचना कोणाची होती, ते मी त्याच्या पूर्ण नावानिशी लिहिले आहे.