रिपोर्ट चांगला, माणूस खंगलेला

केजहून पहाटेच्या एसटीनं येणारे एक मामा. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिस, महात्मा फुले योजनेतून. मागचे कागद चाळले तर रक्तातला यूरिया (मूत्रपिंडानं बाहेर टाकायचा कचरा) दर डायलिसिसला ६६ टक्क्यांच्या आसपास उतरलेला. ६५ च्या वर म्हणजे डायलिसिस पुरेसं होतंय, असंच कुणीही म्हणेल. मामा मात्र म्हणायचे, "भाकरी तोंडात फिरतीय, गिळंना. रातभर अंग खाजवत बसतो." त्या सकाळी रक्तातलं पोटॅशियम आलं ६.४, धोक्याइतकं जास्त.

मशीन शांत होतं. रक्ताचा पंप मिनिटाला ३०० मिली, डायलिसेट (रक्त धुणारं द्रावण) ५००, एकही अलार्म नाही. मग हात बघितला. फिस्टुलाचा (डायलिसिससाठी धमनी शिरेला जोडतात, त्याचा) जोड कोपरात, तिथून रक्त वर खांद्याकडे जातं. म्हणजे रक्त ओढणारी लाल लाइन जोडाजवळच्या खालच्या सुईला हवी, धुतलेलं परत देणारी निळी वरच्या. इथं उलटं होतं. धुतलेलं रक्त खालच्या सुईतून शिरेत यायचं आणि वरची सुई त्यातलंच परत ओढायची.

असं का केलं होतं? खालच्या सुईतून ओढताना प्रेशर उणे २५० च्या पलीकडं जायचं आणि मशीन सारखं ओरडायचं. लाइनी बदलल्या, ओरडणं थांबलं, तेव्हापासून तसंच चालू.

लाइनी न हलवता आधी मोजून घेतलं. अर्ध्या तासानं यूएफ (अंगातलं जादा पाणी काढणं) बंद करून लाल आणि निळ्या पोर्टमधून एकेक नमुना. लगेच पंप १२० वर आणला, १० सेकंदांनी बंद केला, लाइनला क्लॅम्प लावून लाल पोर्टमधून तिसरा, शरीरातल्या रक्ताचा. यूरिया अनुक्रमे ९२, २२ आणि १२८. १२८ वजा ९२ म्हणजे ३६, त्याला १२८ वजा २२ म्हणजे १०६ नं भागलं: ओढलेल्या रक्तातलं ३४ टक्के आधीच धुतलेलं. १० टक्क्यांच्या वर गेलं की काळजी करायची. आणि उलट्या लाइनीत कमी वेगातही थोडी भेसळ उरते, तेव्हा खरा आकडा याहून वाईटच असणार.

मग ६६ कुठून यायचं? शेवटचा नमुना पंप ३०० वर चालू असतानाच काढला जायचा. त्यात धुतलेलं रक्त मिसळलेलं, म्हणून यूरिया कमी दिसायचा. त्या दिवशी यूएफ बंद करून, पंप १०० वर १५ सेकंद ठेवून नमुना घेतला. आधी १५०, नंतर ७२. म्हणजे ५२ टक्के. इतके दिवस कागद खोटं बोलत होता आणि मामांची खाज खरं. रुग्णाची तक्रार आणि रिपोर्ट जुळत नसेल तर मी आता आधी नमुना कसा काढला ते विचारतो.

पुढच्या वेळी लाइनी सरळ केल्या. अपेक्षेप्रमाणे ३०० वर उणे २४०. तेव्हा पंप २२० वर ठेवला, वेळ अर्ध्या तासानं वाढवली आणि डॉक्टरांनी डॉप्लर सोनोग्राफीला पाठवलं. जोडालगतच शीर अरुंद झालेली निघाली. अलार्म तेच सांगत होता. छत्रपती संभाजीनगरला बलूननं ती रुंद केली.

आता खालची सुई जोडापासून ३ सेंटीमीटर सोडून, दोन्ही सुयांच्या टोकांत ५ सेंटीमीटर अंतर, सुई १६ गेज जाडीची, आणि ३०० वर प्रेशर उणे १५०. शेवटची तपासणी १४६ वरून ४७, म्हणजे ६८ टक्के, नीट काढलेल्या नमुन्यावर. मामांच्या फाइलच्या पहिल्या पानावर हाताचं चित्र काढून बाण दाखवलाय. त्यांनाही पाठ करून दिलंय: लाल खाली, निळी वर. सुई लागली की ते स्वतः मान वळवून बघतात.