मारियाल्वा : किल्लेदार गेला, मग गावही उतरले

माझे बालपण पेडणे तालुक्यात, हळर्णच्या किल्ल्याच्या परिसरात गेले. 1746 मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांकडून तो किल्ला घेणाऱ्या पोर्तुगीज व्हाइसरॉयला पुढे ‘हळर्णचा मार्किस’ हा किताब मिळाला आणि 1750 मध्ये त्याच्या जागी गोव्यात आला तो तावोराचा मार्किस, फ्रान्सिस्कु दे आसिस. या दोन घराण्यांची सोयरीकही होती, कारण तावोराची मुलगी हळर्णच्या मार्किसच्या मुलाला दिलेली होती. पोर्तुगालच्या ग्वार्दा जिल्ह्यातील मारियाल्वाचा किल्लेदार हाच तावोरा होता, असे तेथील इतिहासात सांगितले जाते. हे वाचल्यापासून ते ओसाड गाव पाहण्याची ओढ मला लागली होती.

फेब्रुवारीच्या अखेरीस मी तेथे पोहोचलो, तेव्हा पायथ्याच्या शेतांत बदामाची झाडे फुलली होती. मारियाल्वाचे तीन भाग आहेत. सपाटीवर देवेझा आहे, उतारावर तटाबाहेरची वस्ती आहे आणि सर्वांत वर, ग्रॅनाइटच्या खडकावर, तटबंदीने वेढलेले जुने गाव आहे. खालच्या दोन्ही भागांत आजही माणसे राहतात. वरचे गाव मात्र पूर्ण रिकामे आहे.

दरवाजातून आत गेल्यावर वाट थेट घरांच्या मधून चढते. छपरे केव्हाच नाहीशी झाली आहेत, पण भिंती, उंबरे आणि दारांच्या दगडी चौकटी अजून इतक्या नीट उभ्या आहेत की कोणत्या घरातून कोणत्या गल्लीत पाऊल पडत असेल, हे नकाशा न पाहताही समजते. मी बराच वेळ एका उंबऱ्यावर बसून होतो. त्याच्या मधोमध दगड झिजून खोलगट झाला होता, आणि ती झीज करणाऱ्या पावलांचा विचार माझ्या मनातून जाईना.

गल्ली चौकात उघडते, आणि या गावाचा मोठेपणा तेथे उमगतो. मधोमध पायऱ्यांच्या चौथऱ्यावर ‘पेलोरिन्यु’, म्हणजे गावाच्या न्यायाधिकाराची खूण असलेला दगडी स्तंभ, उभा आहे, आणि त्याच्याजवळ नगरसभा, न्यायालय व तुरुंग यांची जुनी इमारत आहे. 1179 मध्ये आफोन्सु हेन्रिकेस राजाने या गावाला सनद दिली आणि 1286 मध्ये दिनिस राजाने येथे बाजार भरवण्याचा अधिकार दिला. जवळच पाण्याचे दगडी टाके आहे. वरच्या अंगाला सांतियागुचे चर्च आहे आणि माथ्यावर बालेकिल्ल्याचा बुरूज.

मग गाव का उठले? सप्टेंबर 1758 मध्ये झुझे राजावर गोळीबार झाला. त्याचा ठपका ठेवून 13 जानेवारी 1759 रोजी लिस्बनजवळ बेलें येथे तावोराला पत्नी आणि मुलांसह ठार मारण्यात आले आणि घराण्याचे नाव व कुलचिन्ह वापरण्यासही बंदी घातली गेली. हळर्णचा मार्किस झालेला त्याचा जावई 1777 पर्यंत तुरुंगात होता. मारियाल्वाची पडझड येथूनच सुरू झाली असे सांगतात, परंतु मला हे कारण अपुरे वाटते. सीमेवरच्या गडाची गरज संपली की डोंगरावर राहण्याचे कष्ट तेवढे उरतात, आणि शेते तर आधीपासूनच खाली होती. माणसे दूर गेली नाहीत, हाकेच्या अंतरावर उतरली. 1855 मध्ये तालुक्याचे ठाणे म्हणून असलेला दर्जाही गेला, तेव्हा चौकातील त्या इमारतीला कामच उरले नाही.

उतरताना मी मागे वळून तट पाहिला आणि मग तटाबाहेरच्या वस्तीत शिरलो. तेथे एक आजीबाई दारासमोर वाळत घातलेले कपडे काढत होत्या. वरच्या गावात तुमच्या घराण्याचे घर होते का, असे मी मोडक्या पोर्तुगीजमध्ये विचारले. त्यांनी मान डोलावली, कपडे खांद्यावर टाकले आणि बोटाने तटाची एक बाजू दाखवली.