राहूचा पत्ता

दुपारी वहिनी पुतणीसाठी आलेल्या पत्रिका पसरून बसल्या होत्या, मी आपला चहाच्या आशेने शेजारी. चाळता चाळता जाणवलं, मुलगा इंजिनिअर असो की सीए, राहूच्या बरोबर समोर सातव्या घरात केतू ठाण मांडून असतोच. बाकीचे ग्रह वाट्टेल तिथे, या दोघांचं मात्र पक्कं.

कारण ते ग्रहच नाहीत ना! सूर्याच्या वाटेला चंद्राची वाट साधारण ५ अंशांनी तिरकी आहे, एका बांगडीत दुसरी तिरकी अडकवली की दोनच ठिकाणी छेदतात, तसे हे दोन बिंदू. जुन्या ज्योतिषात त्यांना पात म्हणतात. चंद्र उत्तरेकडे चढतो तो राहू, दक्षिणेकडे उतरतो तो केतू, आणि बिंदूच असल्यामुळे तिथे धूळसुद्धा नाही. अमावस्या किंवा पौर्णिमा त्यांच्या आसपास पडली तरच ग्रहण, नाहीतर चंद्र वरून किंवा खालून सटकतो. हे बिंदू उलटे सरकतात, १८.६ वर्षांत एक फेरी, म्हणून राहू कायम वक्री.

राक्षस मात्र आधीचा असणार. ऋग्वेदात सूर्याला अंधाराने झाकणारा स्वर्भानू आहे, पात-बित काही नाही, गणितवाल्यांनी नंतर त्याला घर शोधून दिलं असावं. आमच्या नगरकडे तर पत्तासुद्धा आहे, मोहिनीने अमृत वाटलं ते नेवाशाला, आणि राहूचं मुंडकं उडून पडलं ती राहुरी. एसटीत राहुरी आली की आजी हमखास खिडकीबाहेर बोट करायची, आणि मी भर बाजारात मुंडकं शोधायचो.

१९९५ चं ग्रहण ऐन दिवाळीत आलं, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. चकलीच्या डब्यात तुळशीचं पान, करंजीच्या डब्यात तुळशीचं पान, आणि आम्ही पोरं उपाशी, बाहेर 'दे दान सुटे गिराण' चाललेलं. गुजरात्यांची, मारवाड्यांची दुकानं बंद, आजोबा पंचांगात मोक्षाची वेळ बघून घड्याळाकडे बघतायत आणि आजी आजोबांकडे. मिनिटाला मिनिट जुळलं तेव्हा आजोबा असे काही खूश की जणू हिशोब त्यांनीच केला होता.

आर्यभटाने ४९९ च्या सुमारासच लिहून ठेवलंय की ही सगळी सावल्यांची भानगड आहे, राहू-बिहू कुणी गिळत नाही. बरोबरच आहे. पण ग्रहणाच्या दिवशी त्याच्याही घरात कुणी ना कुणी डबे झाकतच असेल, आणि तोही गप बसला असेल.