आधी दवाखाना, मग ठाणं

बाईवर अत्याचार झाल्याचं घरात कळलं की पहिला प्रश्न निघतो: रिपोर्ट द्यायची का? मग पोलीस पाटलाला बोलावणं जातं, मामाला फोन जातो, बैठक बसते आणि दोन दिवस निघून जातात. खरं तर रिपोर्ट महिन्यानंतरही देता येते. बलात्काराच्या तक्रारीला कायद्याने मुदत घातलेली नाही. मुदत आहे ती औषधांना. म्हणून हे मुख्यतः तिच्यासाठी, जिला ही गोष्ट सगळ्यात आधी सांगितली जाते: आशाताई, जाऊ, मैत्रीण, बचत गटातली बाई.

एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या, म्हणजे पेप, 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात. पहिल्या काही तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं. 72 तासांनंतर उपयोग नाही. कोर्स 28 दिवसांचा. मळमळतं, म्हणून आठवड्याभरात गोळ्या सुटतात आणि सगळं वाया जातं. जेवणानंतर घेतल्या की त्रास कमी होतो. गर्भधारणा टाळण्याची गोळी, लेव्होनॉरजेस्ट्रेल 1.5 मिलीग्रॅम, एकदाच घ्यायची. ती 72 तासांत उत्तम, 120 तासांपर्यंत थोडीफार काम करते. दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी. ही गोळी बहुतेक वेळा आशाताईच्या पेटीतच असते, तिच्यासाठी तालुक्याची वाट पाहू नका. सोबत धनुर्वाताचं इंजेक्शन, कावीळ-ब ची लस आणि गुप्तरोगावरची औषधं. शरीरावरचे नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेतात. त्यानंतरही जखमा नोंदवता येतात, म्हणून 'आता काय उपयोग' म्हणून घरी बसू नये.

विदर्भात भामरागड किंवा धारणीसारख्या आडबाजूच्या तालुक्यांतून जिल्ह्याचं ठिकाण दीडेकशे किलोमीटर पडतं, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. त्यामुळे थेट जिल्हा रुग्णालयाचा हट्ट नको. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पेपच्या गोळ्या आहेत का, हे निघण्याआधी फोनवर विचारा. पहिला डोस तिथेच घ्या, बाकी पुढे. 108 ची गाडी फुकट येते.

निघताना आंघोळ, तोंड धुणं, कपडे बदलणं शक्यतो टाळावं. लघवी थांबवून ठेवायची गरज नाही. आंघोळ झाली असेल तरी जावंच. त्या वेळचे कपडे धुवू नका आणि प्लास्टिकच्या पन्नीत मुळीच कोंबू नका. ओल राहते, बुरशी धरते, डीएनए खराब होतो. ओलं लुगडं सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा वेगळ्या कोऱ्या कागदात गुंडाळा. बदलायला एक जोड सोबत घ्या. दवाखाना अंगावरचे कपडे ठेवून घेतो, आणि मग बाई चादर गुंडाळून बाकावर बसलेली दिसते. ही इतकी साधी गोष्ट, पण कुणाच्या लक्षात येत नाही.

दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पोलिसांचं पत्र आणा." पत्र लागत नाही. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने तात्काळ आणि मोफत उपचार द्यायचे, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 397 सांगतं. नाकारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 200 खाली एक वर्षापर्यंत कैद. कलमाचा आकडा सांगितला की सूर बदलतो, म्हणून पाठ ठेवा. दवाखाना पोलिसांना कळवतो, ते त्याच्यावर बंधनकारक आहे. पण जबाब द्यायचा की नाही, तपासणी करू द्यायची की फक्त औषधं घ्यायची, हे तिचं तिने ठरवायचं. नकार असेल तर डॉक्टर तशी नोंद करतात. योनीत दोन बोटं घालून तपासणी करणं गैरवर्तन ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि बलात्कार झाला की नाही हे डॉक्टरने ठरवायचं नसतं, अंगावर जखम नाही म्हणजे संमती होती असंही नसतं. अहवालाची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

ठाण्यातलं नेहमीचं उत्तर म्हणजे "आमची हद्द नाही". हद्द नसली तरी झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता नोंदवायची तक्रार, घ्यावीच लागते. बाईचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच लिहायचा. आडवळणाच्या ठाण्यात ती नसली तर बोलावून घेणं हे त्यांचं काम, "उद्या या" हे उत्तर नव्हे. सही करण्याआधी जबाब वाचून घ्या. माडिया किंवा कोरकू या आदिवासी भाषा बोलणारीचा जबाब मराठीत उतरताना काळ-वेळ आणि नाती उलटीसुलटी होतात, आणि तीच विसंगती पुढे उलटतपासणीत समोर येते. भाषा जाणणारं माणूस सोबत हवं, ते आरोपीच्या गोतावळ्यातलं नको. गडचिरोलीकडच्या देसाईगंजच्या ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला, आणि खटल्यात ते पोलीस सुटल्यावर देशभर उठलेल्या संतापातून बलात्काराच्या कायद्यात 1983 ची दुरुस्ती झाली. हे आपल्याच भागातलं. ठाण्यात एकटीला पाठवू नका.

गावात 'मिटवून टाका' सुरू होतंच. बलात्काराचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. वाळीत टाकण्याची धमकी आली तर 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पैशाचं सांगायचं तर अत्याचार झालेल्या बाईला सरकारी अर्थसाहाय्य देणारी मनोधैर्य योजना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून चालते, कमाल मर्यादा 10 लाख. एफआयआर लागतो. अडतं बहुधा बँकेत: खातं नवऱ्यासोबत जोडलेलं किंवा बंद पडलेलं. तिच्या एकटीच्या नावाचं खातं आधी उघडा. ती अनुसूचित जाती-जमातीची आणि आरोपी त्याबाहेरचा असेल तर एफआयआरमध्ये ॲट्रॉसिटीचं कलम लागलंय का ते तिथल्या तिथे पाहा, कारण समाजकल्याणचं वेगळं अर्थसाहाय्य त्यावरच अवलंबून आहे.

राहायला जागा नसेल तर जिल्ह्याच्या सखी केंद्रात, म्हणजे बायांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, पाच दिवसांपर्यंत सोय होते. समुपदेशक आणि वकीलही तिथूनच. महिला हेल्पलाइनचा फोन 181. झोप उडाली, जीव नकोसा वाटला तर मानसिक आधाराची हेल्पलाइन 14416, दिवसरात्र. नवरा अत्याचार करत असेल तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं. दिवस राहिलेच तर 24 आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात होतो. तेव्हा डीएनएसाठी ठेवायचा गर्भाचा नमुना फॉर्मॅलिन या रसायनात बुडवू नये, हे डॉक्टरला आठवण करून द्या.

प्रौढ पुरुषावर अत्याचार झाला तर बलात्काराचं कलम लागत नाही, इतर कलमं लावावी लागतात. पण पेप, लस, समुपदेशन त्यालाही तितकंच लागतं, आणि तो तर कुणाला सांगतच नाही.

वकील तालुका विधी सेवा समितीकडून मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. साक्षीला जायचं तेव्हा येण्याजाण्याचा भत्ता त्याच दिवशी कोर्टात मागून घ्या. एसटीचं तिकीट जपून ठेवा.