मेडलरची आढी: नोव्हेंबरची नोंद

मेडलर म्हणजे सफरचंदाच्या कुळातलं छोटं तपकिरी फळ. झाडावरची शेवटची फळं ऑक्टोबर संपता संपता उतरवली. वाण ‘नॉटिंगहॅम’, कलम क्विन्सच्या (त्याच कुळातल्या दुसऱ्या फळझाडाच्या) खुंटावर. मेडलरला परागीकरणासाठी दुसरं झाड लागत नाही हे बरंच आहे, कारण इंग्लंडातल्या मिडलँड्समधल्या आमच्या चिमुकल्या परसात ते लावायला जागाच नाही. फूल उशिरा, मे उलटता उलटता येतं, म्हणून वसंतातल्या हिमकडाक्यातून बहुधा सुटतं. ते फांदीच्या टोकाला एकेकटं लागतं. तेव्हा हिवाळी छाटणीत टोकं सरसकट उडवू नका, गर्दी करणाऱ्या फांद्या तेवढ्या काढा.

हिम पडल्याशिवाय फळ उतरवायचं नाही, असं इथली जुनी मंडळी सांगतात. हिमाने गर लवकर मऊ पडतो हे खरं, पण त्यावाचूनही फळ पिकतं. मी देठाकडे बघतो. फळ हलकेच वर उचललं की सुटून आलं पाहिजे. दिवस कोरडा हवा, नाहीतर बुरशी लगेच धरते.

या अवस्थेत फळ टणक आणि इतकं तुरट की जीभ टाळ्याला चिकटते. इथे ‘ब्लेटिंग’ म्हणतात त्याला मी आढीच म्हणतो. फक्त हापूसच्या आढीत ऊब कोंडायची असते, मेडलरला गारवा लागतो. गॅरेजमध्ये लाकडी ट्रेमध्ये पेंढा पसरला, देठ दाट मिठाच्या पाण्यात बुडवून घेतले (तिथूनच सडायला सुरुवात होते) आणि फळं एका थरात, एकमेकांना न टेकवता, देठाच्या विरुद्ध टोकाचं उघडं तोंड खाली करून मांडली. दोन-तीन आठवड्यांनी रंग फिरू लागतो, पण सगळी एकदम पिकत नाहीत. दर एक-दोन दिवसांनी चाचपायला हवं.

पिकताना तुरटपणा देणारं टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही उतरतात आणि पांढरा गर तपकिरी होतो. शेजारीणबाई ट्रे बघून “ही तर सडली!” म्हणाल्या. त्यांचंही बरोबर, दिसायला फरक थोडाच. नाकाने ओळखा: पिकलेल्याला गोड, किंचित वाइनसारखा वास येतो, बिघडलेल्याला कुबट. साल सुरकुतली तरी चालेल, ओली केसाळ बुरशी दिसली की फेका.

चव? चिकूत थोडा खजूर आणि भाजलेलं सफरचंद कालवल्यासारखी. चमच्याने तशीच खाता येते. आतल्या पाच टणक बिया मात्र काढून टाका, मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका. त्यांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात.

जेलीसाठी सगळीच पिकलेली घेऊ नयेत. फळ मऊ पडतं तसं पेक्टिन कमी होतं आणि जेली धरत नाही, म्हणून साधारण चौथा हिस्सा कडक फळं घालतो. फळं बुडतील एवढ्या पाण्यात मंद शिजवायची, मलमलच्या कापडात बांधून रात्रभर टांगायची. पुरचुंडी पिळली की जेली गढुळलीच. दर ६०० मिलिलिटर रसाला ४५० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळी. रंग सुरेख येतो, लालसर मधाळ. इथे ती भाजलेल्या मांसाबरोबर खातात. आमच्याकडे चीज आणि खाऱ्या बिस्किटांवर संपते.

खरं सांगायचं तर एवढ्या खटपटीला जेली थोडीच मिळते. यंदा अर्ध्याहून जास्त गर चाळणीतून घासून चिंच-खजुराच्या चटणीत खजुराऐवजी घातला. चिंच, गूळ, जिरेपूड, सुंठ, तिखट सगळं नेहमीचंच, गूळ थोडा कमी. भेळेवर कोणाला पत्ता लागला नाही. उरलेल्या गरात पाऊणपट साखर घालून, पळी फिरवल्यावर भांड्याचा तळ दिसेपर्यंत आटवला आणि तूप लावलेल्या ताटात थापला. वड्या दुसऱ्या दिवशी कापल्या. वेलदोडा घातला होता, पण तो इथे उगाच वरचढ होतो. पुढच्या घाण्यात जायफळ. ट्रेमधली मागास फळं अजून कडकच आहेत. ती नाताळच्या सुमारास मऊ पडतील, त्यांचीही चटणीच होणार.